हापूसच्या हंगामाची वेबसाइट: डोमेनपासून शेवटच्या पेटीपर्यंत

देवगड, रत्नागिरी, राजापूरकडच्या बागायतदारांना वेबसाइटची आठवण होते ती बहुतेक फेब्रुवारीत, झाडावर कणी (मोहोरानंतरची बारीक फळं) दिसायला लागली की. वेबसाइट बनवणाऱ्या एजन्सीच्या दृष्टीने हा उशीर असतो. पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेची) कागदपत्रं, मेसेजच्या साच्यांची मंजुरी, जाहिरात खात्याची पडताळणी यातलं प्रत्येक काम दुसऱ्याच्या हातात असतं आणि घाई केली म्हणून ते लवकर होत नाही. मोहोर येतो नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला, पहिली काढणी मार्चच्या आसपास, आणि पाऊस आला की सगळं संपतं. म्हणजे विक्रीचे खरे आठवडे दहा-बाराच. डिसेंबरात काम सुरू करा, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चाचण्या संपवा आणि मार्चमध्ये वेबसाइटच्या रचनेला हात लावू नका.

पुढची सगळी माहिती एका ठरावीक कामासाठी आहे: स्वतःच्या बागेतला आंबा मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला थेट विकणारा बागायतदार, हंगामाला दोनशे ते दीड हजार पेट्या, आणि त्याच्यासाठी वेबसाइट व सोशल मीडिया सांभाळणारी दोन-चार जणांची एजन्सी.

पहिल्या बैठकीत रंग आणि लोगो नको, पेट्या मोजा

कलमं किती, गेल्या तीन हंगामांत किती पेट्या निघाल्या, त्यातल्या वाशीच्या घाऊक बाजाराला किती गेल्या आणि घरगुती ग्राहकांना किती, हे आकडे आधी कागदावर घ्या. त्यातून ऑनलाइन विकायच्या पेट्यांचा एक आकडा ठरतो. तो बागायतदाराला वाटतो त्याच्या सत्तर टक्केच धरा. फुलकिडे, तुडतुडे, अवकाळी पाऊस, मार्चमधला कडक उन्हाळा यातल्या एकानेही गणित बिघडतं, आणि पैसे घेऊन पेटी न पोचवणं हे कमी विक्रीपेक्षा फार महागात पडतं.

नंतर विचारायचं ते पेटीबद्दल. कोकणात ‘चार डझनी’, ‘पाच डझनी’, ‘सहा डझनी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं: पेटी तीच, फळ जितकं मोठं तितके डझन कमी. ठाण्यात फ्लॅटमध्ये बसलेल्या ग्राहकाला हे माहीत नसतं. त्याला वाटतं सहा डझनी म्हणजे जास्त आंबे, म्हणून जास्त चांगली. म्हणून वेबसाइटवर प्रत्येक आकारापुढे एका फळाचं वजन ग्रॅममध्ये लिहा, उदाहरणार्थ ‘२५० ते २८० ग्रॅम’, आणि ते प्रत्यक्ष वजनकाट्यावर वीस-पंचवीस फळं ठेवून ठरवा. अंदाजाने लिहिलेलं वजन पहिल्याच आठवड्यात उलटतं, कारण ग्राहकाच्या स्वयंपाकघरातही वजनकाटा असतो.

तिसरा प्रश्न पाठवणीचा. आठवड्यातले कोणते दिवस पेट्या भरतात, गाडी कुठून सुटते, मुंबईत आणि पुण्यात कोण उतरवून घेतं, घरपोच कोण देतं. यावरून वेबसाइटची रचना ठरते. आंब्याची ऑर्डर कपड्यासारखी ‘आज मागवा, परवा मिळेल’ अशी नसते. ती पाठवणीच्या दिवसाला बांधलेली असते. त्यामुळे विक्रीचं एकक ‘पाच डझनी, २५० ते २८० ग्रॅम, १२ एप्रिलची गाडी’ असं तीन भागांचं ठेवा आणि साठा त्या एककावर मोजा. नुसता ‘हापूस पेटी, साठा ५००’ असा आकडा टाकला की अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात तीनशे ऑर्डरी येतात आणि बागेतून नव्वदच पेट्या निघतात.

वेबसाइट हवी का, हा प्रश्न आधी

हंगामाला दीडशेपेक्षा कमी पेट्या थेट विकायच्या असतील तर पूर्ण दुकान बांधू नका. एक साधं पान, त्यावर फोटो, दर, पाठवणीचे दिवस आणि व्हॉट्सअॅपचं बटण, जोडीला व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग, एवढं पुरतं. उगाच मोठं काम गळ्यात मारणारी एजन्सी पुढच्या वर्षी तो ग्राहक गमावते.

त्यापुढच्या संख्येला वर्डप्रेसवर वूकॉमर्स (ऑनलाइन दुकान चालवणारी जोडणी) हा बहुतेकांना परवडणारा मार्ग आहे. शॉपिफाय हे भाड्याचं तयार दुकान सांभाळायला सोपं असतं, पण दरमहा भाडं बाराही महिने द्यावं लागतं आणि विक्री तीनच महिने होते, हे बागायतदाराला आधीच सांगा. वूकॉमर्स घेतलंत तर सर्व्हर मुंबईतला निवडा आणि प्लगइन (वर्डप्रेसला लावायच्या जास्तीच्या सोयी) दहा-बाराच्या वर जाऊ देऊ नका.

डोमेन बागायतदाराच्या नावावर, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या कार्डावरून घ्या. होस्टिंग, पेमेंट गेटवे, फेसबुक पेज, जाहिरात खातं, गुगलची सगळी खाती यांनाही हाच नियम लावा: मालक तो, एजन्सीला काम करण्यापुरता प्रवेश. प्रत्येक खात्यावर द्विस्तरीय पडताळणी ठेवा आणि बागायतदाराच्या घरातले दोन जण अॅडमिन करा. एकाच फोनवर सगळं असलं आणि तो फोन विहिरीत पडला, की ऐन एप्रिलमध्ये खातं उघडता येत नाही.

नाव निवडताना ते फोनवर सांगून बघा. ‘आंबा’चं रोमन स्पेलिंग लोक तीन प्रकारे करतात आणि ‘हापूस’चं दोन प्रकारे. ज्या नावाचं स्पेलिंग सांगावं लागत नाही ते घ्या. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ डोमेन मिळतं आणि दिसतंही छान, पण टाइप करताना कळफलक बदलावा लागतो. ते जोडीला घेऊन मुख्य पत्त्याकडे वळवा, एकटं वापरू नका.

देवनागरी नीट दिसण्यासाठी

पानाच्या मुळाशी भाषा मराठी म्हणून नोंदवा. वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की हे होतं. काही फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, आणि भाषा नोंदवलेली असेल तरच ब्राउझर ते उचलतो. नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं येतात आणि वाचणाऱ्याला काहीतरी परकं वाटतं, जरी नेमकं काय ते त्याला सांगता आलं नाही तरी.

मुक्त, नोटो सान्स देवनागरी, हिंद, बालू हे फाँट मोफत आहेत. मजकुराला मुक्त, मथळ्याला बालू ही जोडी फळाच्या दुकानाला शोभते. फाँट निवडल्यावर ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘कॅ’, ‘ऑ’ हे लिहून तपासा, विशेषतः ‘ऱ्या’. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी साच्यात मथळ्यांना असं अंतर आधीच दिलेलं असतं, ते शोधून शून्य करा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट ठेवा, कारण वर मात्रा-रफार-अनुस्वार आणि खाली उकार असतात आणि इंग्रजीच्या मापात ते एकमेकांवर चढतात. मोबाइलवर मजकूर १७ किंवा १८ पिक्सेलच्या खाली नको. फाँटची दोनच वजनं चढवा, साधं आणि ठळक, डब्ल्यूओएफएफ२ स्वरूपात.

बागायतदाराकडची जुनी पत्रकं बऱ्याचदा श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेली असतात. ती तशीच चिकटवली तर पानावर रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचा. रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये बरा दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की टक्क्याच्या चिन्हांची दोन-तीन ओळींची माळ होते. ती बघून लोकांना फसवणुकीची लिंक वाटते आणि कोणी ती उघडत नाही. आणि पत्त्यात वर्ष घालू नका. दरवर्षी नवं पान केलं की गुगलमध्ये कमावलेली जागा दरवर्षी शून्यावर येते.

वेग

गुगलची मोजमापं ठरलेली आहेत: मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावं, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद यावा, आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या खाली असावा. फळांच्या वेबसाइटवर पहिलं माप बिघडतं ते जवळजवळ नेहमी एकाच कारणाने, वरच्या मोठ्या फोटोमुळे. फोटोग्राफरने दिलेली ८ एमबीची फाइल तशीच चढवलेली असते. ती १२०० पिक्सेल रुंद करून वेबपी स्वरूपात दीडशे केबीच्या आत आणा. बाकीच्या चित्रांना ‘गरज पडेल तेव्हा लोड’ ही सोय ठेवा, पण सर्वांत वरच्या चित्राला ती लावू नका. वेग वाढवणारे प्लगइन सरसकट सगळ्यांना लावतात आणि पहिलंच चित्र उशिरा येतं. प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहा, म्हणजे ‘ऑर्डर करा’वर बोट जाईपर्यंत ते खाली सरकणार नाही.

कॅशिंग (पानाची तयार प्रत साठवून तीच दाखवणं) चालू केल्यावर कार्ट, चेकआउट आणि खात्याचं पान त्यातून वगळलं आहे का बघा. वस्तूच्या पानावरचा ‘फक्त ६ पेट्या शिल्लक’ हा मजकूरही कॅशमध्ये अडकतो आणि संपलेली पेटी दिवसभर शिल्लक दिसते.

पैसे: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

गेटवेला अर्ज करण्याआधी वेबसाइटवर पाच पानं तयार लागतात: संपर्क, अटी, गोपनीयता, पाठवणी, आणि रद्द करणं व परतावा. यातलं एक जरी नसलं किंवा दुसऱ्याच्या साइटवरून उचललेलं असलं तरी अर्ज परत येतो. पॅन, बँक खातं आणि पत्त्याचा पुरावा यांवरचं नाव एकसारखं हवं. कोकणात बाग वडिलांच्या नावावर, खातं मुलाच्या आणि धंद्याचं नाव तिसरंच, असं असतं. हे डिसेंबरातच सोडवा.

आता खरी अडचण. ग्राहक पेटी निवडतो, यूपीआय निवडतो, फोनवर पैसे देण्याचं अॅप उघडतं, पैसे जातात, आणि तो अॅप बंद करून कामाला लागतो. ब्राउझरकडे परत येतच नाही. त्यामुळे पैसे मिळाल्याची खबर वेबसाइटपर्यंत पोचत नाही आणि ऑर्डर ‘पेमेंट बाकी’ म्हणून पडून राहते. वूकॉमर्स अशा ऑर्डरसाठी साठा ६० मिनिटं राखून ठेवतं आणि मग ऑर्डर आपोआप रद्द करून पेटी पुन्हा विक्रीला काढतं. पैसे गेलेत, ऑर्डर रद्द, आणि तीच पेटी दुसऱ्याला विकली गेली. संध्याकाळी पहिला ग्राहक फोन करतो तेव्हा ‘फसवलं’ हाच शब्द येतो.

उपाय वेबहूकचा. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहूकचा पत्ता आणि गुप्त शब्द भरा, ‘पेमेंट कॅप्चर झालं’ ही घटना निवडा, म्हणजे ग्राहक परत आला नाही तरी गेटवेचा सर्व्हर थेट वेबसाइटला कळवतो. सुरक्षेचा प्लगइन कधीकधी हाच निरोप संशयित समजून अडवतो, म्हणून गेटवेचे पत्ते त्यात मान्य करून ठेवा. पेमेंट आपोआप कॅप्चर होईल, म्हणजे रक्कम लगेच उचलली जाईल, अशी सेटिंग ठेवा. नुसतं ‘ऑथराइज्ड’ (मंजूर, पण न उचललेलं) राहिलेलं पेमेंट काही दिवसांनी ग्राहकाकडे परत जातं, आणि तोवर पेटी पोचलेली असते. वर्डप्रेसची वेळेवर चालणारी कामं कोणी साइट उघडली तरच चालतात, म्हणून सर्व्हरवर खरं क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) लावून दर पाच मिनिटांनी ती चालवा.

चाचणी अशी करा: खऱ्या फोनवरून खरे १० रुपये द्या आणि पैसे जाताच ब्राउझर बंद करा. दोन मिनिटांत ऑर्डर ‘प्रोसेसिंग’ झाली पाहिजे. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, मग आयफोनवर, मग जुन्या अँड्रॉइडवर. फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमधूनही बघा, कारण जाहिरातीवरून येणारे बरेच जण तिथूनच येतात आणि काही फोनवर तिथून यूपीआय अॅप उघडतच नाही. तसं झालं तर त्या पानावर क्यूआर कोड आणि ‘क्रोममध्ये उघडा’ ही सूचना द्या.

दुबई-अमेरिकेतली मंडळी पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेट्या मागवतात आणि ही ऑर्डर बहुतेक मोठी असते. तेव्हा परदेशी कार्ड गेटवेकडून वेगळं सुरू करून घ्या आणि फॉर्मवर पैसे देणाऱ्याचा व पेटी घेणाऱ्याचा फोन वेगवेगळा विचारा. एकच रकाना असला की डिलिव्हरीवाला शारजाला फोन लावत बसतो.

ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पल्पवर आहे. दोन्ही विकत असाल तर वस्तूनुसार कराचा वर्ग वेगळा लावा. आंबापोळी, पल्प यांच्या पानावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांकही लागतो.

साका, कच्चं फळ आणि परताव्याचं पान

परताव्याचं पान वकिली भाषेत लिहून मोकळे होऊ नका. हापूसच्या धंद्यात त्या पानावर तीन गोष्टी मराठीत, सरळ लिहिलेल्या लागतात.

पहिली साका. फळ वरून सुंदर, वास घमघमीत, आणि कापलं की कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. हा हापूसचा जुना दोष आहे आणि बाहेरून तो ओळखता येत नाही. म्हणून लपवू नका. ‘पेटीत साक्याचं फळ निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो २४ तासांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत किंवा पुढच्या पेटीत भरपाई’ असं लिहा. किती फळांपर्यंत, तेही लिहा. हे एक वाक्य दहा जाहिरातींइतकं काम करतं, कारण फसवणारा माणूस असं वाक्य लिहीत नाही.

दुसरी, पिकण्याची. पेटी गवतात किंवा पेंढ्यात भरून येते तेव्हा फळ हिरवट, घट्ट असतं आणि घरी पिकायला काही दिवस लागतात. सगळ्यात जास्त तक्रारी ‘कच्चे पाठवले’ याच असतात. ऑर्डरच्या पानावर कच्चे, अर्धे पिकलेले की तयार अशी निवड द्या, आणि पेटीत एक चिठ्ठी घाला: पेटी आल्याबरोबर उघडा, फळं एका थरात पेंढ्यावर पसरा, फ्रिजमध्ये ठेवू नका, रोज एकदा बघा, देठाजवळ किंचित सुरकुती आणि वास आला की खा. हीच चिठ्ठी व्हॉट्सअॅपवरही जाऊ दे.

तिसरी गोष्ट दाव्यांची. ‘हापूस’ला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. त्याचा शिक्का वेबसाइटवर लावायचा तर बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. प्रमाणपत्र नसेल तर ‘सेंद्रिय’ लिहू नका. आणि ‘कार्बाइडमुक्त’ हा मोठा गुण म्हणून मिरवू नका. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदीच आहे. त्यापेक्षा फळ कसं पिकवता ते दाखवा, आढीचा फोटो लावा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. आंब्याच्या बाबतीत महिना फार झाला. दोन दिवसांचं बंधन स्वतःच घाला.

निरोप पोचले पाहिजेत

ऑर्डरचे ईमेल थेट सर्व्हरवरून गेले की स्पॅममध्ये जातात. मेल पाठवणारी वेगळी एसएमटीपी सेवा घ्या आणि मेल खरोखर तुमच्याच डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी डोमेनवर करा. एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर) धंद्याची, शीर्षकाची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि प्रत्येक साच्याची नोंदणी लागते, आणि मंजूर साच्यात एक शब्द बदलला तरी मेसेज पडतो. मराठी एसएमएस ७० अक्षरांचा धरला जातो, इंग्रजीसारखा १६० चा नाही. दोन मेसेज जोडले की प्रत्येकी ६७. मात्रा, अनुस्वार, हलंत हेही अक्षर म्हणून मोजले जातात, म्हणून ‘आपल्या ऑर्डरची यशस्वीरीत्या नोंद झालेली आहे’ ऐवजी ‘ऑर्डर मिळाली’ लिहा.

व्हॉट्सअॅपवर साधं बिझनेस अॅप घेतलं तर एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच मेसेज जातो. म्हणून पेटीतल्या चिठ्ठीवर ‘हा नंबर सेव्ह करा’ हे छापाच. संख्या वाढली की व्हॉट्सअॅपचं एपीआय (सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची सोय) घ्या. जुलै २०२५ पासून त्यात साचा-मेसेजनुसार दर लागतो. ग्राहकाने आधी मेसेज केला तर पुढच्या २४ तासांत मोकळेपणाने उत्तर देता येतं. ‘गाडी सुटली’, ‘उद्या पोचेल’ हे मेसेज युटिलिटी (ऑर्डरबद्दलच्या निरोपांच्या) वर्गात मंजूर करून घ्या. त्यात ‘अजून मागवा, सवलत मिळवा’ अशी ओळ घुसवली की तो मार्केटिंग वर्गात जातो आणि महाग पडतो.

लिंक शेअर केल्यावर दिसणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं, तीनशे केबीच्या आत ठेवा. मोठी फाइल असली की व्हॉट्सअॅप चित्र दाखवतच नाही.

बागेतलं चित्रण

दोन फेऱ्या पुरतात: एक जानेवारीत मोहोर आणि कणीच्या वेळी, दुसरी पहिल्या काढणीला. स्टॉकचे फोटो वापरू नका. हापूस ओळखणारा माणूस केशर किंवा परदेशी आंब्याचा फोटो लांबून ओळखतो आणि तिथेच विश्वास जातो.

काढणीचा व्हिडिओ पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर घ्या. झेल्यात (फळ काढायच्या जाळीच्या काठीत) फळ देठासकट कसं येतं ते जवळून टिपा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि काळा डाग पडतो, हे दाखवणारा वीस सेकंदांचा तुकडा ‘अस्सल चव, कोकणची शान’ असल्या मजकुरापेक्षा जास्त पाहिला जातो. वजनावर वाटणी, पेंढा अंथरणं, पेटी बांधणं, गाडीत चढवणं, असे पंधरा-वीस तुकडे एका दिवसात मिळतात. उभी चौकट, १०८० बाय १९२०. खालच्या साधारण पाचव्या भागात मजकूर लिहू नका, तिथे इन्स्टाग्रामची बटणं आणि नाव येतात. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोलणं पडद्यावर अक्षरांत द्या. बागायतदाराला पाठ करून बोलायला लावू नका. त्याला ‘ह्या वर्षी मोहोर कसा आहे?’ एवढं विचारा आणि कॅमेरा चालू ठेवा. मालवणी हेल असू दे.

पोस्ट आठवड्याला तीन पुरे, पण हंगामात रोज एक स्टोरी हवी: आजची काढणी, आजची गाडी, आज काय संपलं.

जाहिरातीचं गणित

आधी परवडणारा खर्च काढा. समजा एका पेटीवर बागायतदाराला बाजारापेक्षा ५०० रुपये जास्त सुटतात. त्यातले २०० जाहिरातीला, १०० तक्रारी-भरपाईला, २०० त्याला. म्हणजे एक ऑर्डर २०० रुपयांच्या आत यायला हवी. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि ताजा आंबा करमुक्त असल्याने तो कर बागायतदाराला परत मिळत नाही. म्हणून जाहिरातीच्या डॅशबोर्डवर १७० रुपये दिसले तर खरा खर्च साधारण २०० असतो. हे बऱ्याच एजन्सी विसरतात आणि अहवाल गोड दिसतो.

डोमेनची पडताळणी करा, पिक्सेल (साइटवरून मेटाला नोंद पाठवणारा कोड) आणि सर्व्हरकडून जाणारी नोंद दोन्ही लावा, आणि दोन्हींना एकच ऑर्डर क्रमांक द्या, नाहीतर एक पेटी दोनदा मोजली जाते. मेटाचं यंत्र शिकायला एका अॅड सेटला (एका बजेटवर चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात साधारण ५० इच्छित कृती लागतात. दिवसाला पाच ऑर्डरी येणाऱ्या बागेला ‘खरेदी’वर ते कधीच पुरे होत नाही. अशा वेळी ‘कार्टमध्ये टाकलं’ किंवा व्हॉट्सअॅप संभाषण हे उद्दिष्ट घ्या आणि सगळं बजेट एकाच अॅड सेटमध्ये ठेवा. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक असे चार तुकडे पाडलेत तर चारही उपाशी राहतात. शहर वगळायचं असेल ते पाठवणीच्या सोयीवरून वगळा, आवडीनिवडींच्या यादीवरून नको.

फेब्रुवारीत थोड्या पैशांत फक्त ‘हंगाम सुरू झाला की कळवा’ ही यादी जमवा. पाडव्याच्या मुहूर्ताच्या पेट्या त्या यादीलाच आधी द्या, त्यांना जाहिरात लागत नाही. मोठा खर्च अक्षय्य तृतीयेच्या आधीचे दहा दिवस करू नका, कारण तेव्हा मागणी आपसूक असते आणि माल कमी असतो. तो करा त्यानंतर, मेमध्ये, जेव्हा झाडावर फळ भरपूर असतं, दर उतरलेले असतात आणि लोकांचं लक्ष ओसरायला लागतं. ही उलटी रीत बागायतदाराला पटवायला वेळ लागतो, पण पेट्यांचा हिशोब समोर ठेवला की पटते.

नव्या जाहिरात खात्यावर एकदम मोठी रक्कम लावू नका. खातं तपासणीसाठी थांबतं आणि आठवडा जातो. जानेवारीपासून रोज शे-दोनशे रुपयांवर ते चालतं ठेवा. कोणाला फुकट पेटी देऊन रील करून घेतलं तर त्यावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायला लावा, नियम तसाच आहे.

गुगलवर बागेची किंवा पॅकिंग शेडची नोंद करा. पडताळणीला सलग व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतलं काम. शेडवर पाटीच नसेल तर आधी पाटी लावा. मुंबईतल्या नातेवाइकाच्या फ्लॅटचा पत्ता देऊ नका, नोंद बंद होते. अभिप्राय मागा, पण त्याबदल्यात सवलत देऊ नका.

चालू हंगामात

रोज रात्री नऊला एक शीट पूर्ण करा: आलेल्या ऑर्डरी, गेटवेकडची रक्कम, उद्याच्या गाडीच्या पेट्या, उघड्या तक्रारी. वेबसाइट, गेटवे आणि अॅनालिटिक्स यांचे आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. पैशांसाठी गेटवे खरा, पेट्यांसाठी बागेतली वही खरी. एखाद्या गाडीच्या पेट्या दहाच्या खाली आल्या की जाहिरात थांबवा आणि संपल्यावर ते पान ‘संपलं’ म्हणून मोकळेपणाने दाखवा. प्लगइन अद्ययावत करणं मार्च ते मेमध्ये फक्त सुरक्षेपुरतं, तेही बॅकअप घेऊन, रात्री.

जूनमध्ये वेबसाइट बंद करू नका. दुकानाचं पान तसंच ठेवून त्यावर ‘हंगाम संपला, पुढच्या वर्षीसाठी नंबर द्या’ हा फॉर्म लावा. बॅकअपची एक प्रत बागायतदाराच्या हातात पेनड्राइव्हवर द्या. ग्राहकांची यादी आकार, शहर, पेट्यांची संख्या आणि तक्रार या रकान्यांसह काढून ठेवा, आणि ज्यांनी मेसेज नको म्हटलं त्यांना त्यातून वगळा. साक्याची भरपाई कोणाकोणाला पुढच्या पेटीत द्यायची कबूल केलं आहे, ती नावं वेगळ्या पानावर लिहा. मार्चमध्ये पहिली गाडी भरताना तेच पान आधी उघडायचं आहे.